खाडे धरून लिहायचं: घरात आजारपण असताना लेखन चालू ठेवण्याची रीत

दुधाचा रतीब लावला की महिन्यात दोन-चार खाडे पडतातच. कधी आपण गावाला जातो, कधी दूधवाला येत नाही, कधी आदल्या दिवशीचंच दूध उरलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत ‘खा’ लिहायचं आणि महिनाअखेरीला बिलातून वजा करायचं, एवढंच. खाडा पडला म्हणून रतीब कुणी बंद करत नाही. लेखनाच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसं नेमकं हेच करतात. चार दिवस लिहिणं झालं नाही की ‘आता सगळं निस्तरल्यावरच बघू’ म्हणून वही कपाटात टाकतात. लांबलेलं आजारपण असं ठरलेल्या तारखेला निस्तरत नाही.

हे लिहिलंय ते कथा, कविता, ललित असं काही नेमाने लिहिणाऱ्यांसाठी, ज्यांच्या घरात आता डायलिसिस, केमो, पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंशाचं माणूस आहे आणि त्याचं करणं आपल्याकडे आलं आहे. नोकरी गेली असेल किंवा घरात कोर्टकज्जा चालू असेल, तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

रतीब किती लावायचा

पहिली चूक मापात होते. पूर्वी रोज तासभर लिहीत होतो, म्हणून आता निदान अर्धा तास तरी, असा हिशेब माणूस करतो. हे माप चांगल्या दिवसावरून काढलेलं असतं. ते वाईट दिवसावरून काढा. गेल्या पंधरा दिवसांतला सगळ्यात ओढाताणीचा दिवस आठवा आणि त्या दिवशीही किती जमलं असतं, हे स्वतःला विचारा. उत्तर बहुधा पाच मिनिटं येतं. मग रतीब पाच मिनिटांचाच लावायचा आणि चार आठवडे त्याला हात लावायचा नाही.

दुधासारखीच तीन मापं ठेवली की सोपं जातं. पाव म्हणजे पाच मिनिटं, तीन ओळींची नोंद. अर्धा म्हणजे पंधरा मिनिटं, हाताने लिहिलेले साधारण ८० ते १०० शब्द. एक म्हणजे पाऊण तास, एखादा प्रसंग किंवा कवितेचा पूर्ण खर्डा. घरात आजारपण असताना रतीब पावाचाच असावा. अर्धा आणि एक ही वरकड समजायची, मिळाली तर घ्यायची.

पावाने काय होणार, असं वाटतं. पण आठवड्यातल्या चार दिवशी पावाचा अर्धा झाला आणि दर वेळी ८० शब्द उतरले, तर बारा आठवड्यांत ३,८४० शब्द होतात. दिवाळी अंकातली मध्यम लांबीची कथा एवढीच असते. कच्ची असेल, पण कागदावर असेल.

या हिशेबात दोन ठिकाणी घोळ होतो. एखाद्या दिवशी पेशंट शांत झोपतो, तासभर लिहून होतं आणि माणूस हुरूप येऊन रतीब वाढवतो. तिसऱ्या दिवशी ताप चढतो, खाडा पडतो आणि आता खाड्याच्या जोडीला अपराधीपणही येतं. जास्तीचं लिहिलेलं जास्तीचं म्हणून सोडून द्या. आजच्या तासाने उद्याची पाच मिनिटं माफ होत नाहीत आणि रतीबही वाढत नाही. दुसरा घोळ रविवारचा. ‘आठवडाभराचं रविवारी भरून काढू’ हा बेत आपल्याकडे हमखास फसतो, कारण रविवार हा भेटायला येणाऱ्यांचा वार. सकाळी अकरापासून चहाची आधणं चढतात ती संध्याकाळपर्यंत. रविवार सरळ सुट्टीचा धरा.

खाड्यांचा हिशेब

लिहिलेल्या दिवसांवर बरोबरची खूण करण्यापेक्षा न लिहिलेल्या दिवसांवर खूण करा आणि खुणेत कारण घाला. अक्षरं तीन पुरतात. ‘द’ म्हणजे दवाखाना किंवा पेशंटचं काही निघालं. ‘थ’ म्हणजे थकवा: वेळ होता, पण डोळे मिटत होते. ‘क’ म्हणजे कंटाळा: वेळ होता, जागही होती, पण वहीकडे जावंसं वाटलं नाही. घरातलं कॅलेंडर सगळे बघतात, त्यामुळे खिशातलं छोटं कॅलेंडर किंवा वहीचं शेवटचं पान याला बरं.

महिनाअखेरीला अक्षरं मोजा. ‘द’ जास्त असतील तर वही तुमच्याबरोबर फिरत नाही, ती घरीच राहते आहे. ‘थ’ जास्त असतील तर वेळ चुकीची आहे. बहुतेक जण रात्री सगळं आवरल्यावर लिहायला बसतात आणि तेव्हा अंगात काही उरलेलं नसतं. ही पाच मिनिटं सकाळच्या पहिल्या चहाला हलवा, पेशंटच्या गोळ्या देण्याच्या आधी. ‘क’ जास्त असतील तर खोट विषयात आहे. आत्ता जे लिहायला घेतलंय ते तुम्हाला आत्ता नकोय, दुसरं घ्या. आणि एकूण खाडे पंधराच्या वर गेले तर माप पावावरून आणखी खाली आणा, रोज एक ओळ. त्याखाली मात्र जाऊ नका. रोज एक शब्द असली व्रतं दोन दिवस गंमत देतात, मग पोरकट वाटू लागतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० साली सवयींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. नवी सवय अंगवळणी पडायला त्यात सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ दिवस पुरले तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. आपल्या कामाचा भाग पुढेच आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. खाडा धरता येतो, तो यामुळे.

एक नियम मात्र कडक पाळायचा. आदल्या रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर त्या दिवशी मुद्दाम खाडा टाकायचा आणि ती पाच मिनिटंही पडून राहायचं. झोप मोडून केलेल्या लेखनाचं कौतुक होतं खरं, पण दिवसभर औषधांच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. इन्सुलिनची युनिट्स वाचताना डोळे थाऱ्यावर असावे लागतात.

वेळ कुठे असतो आणि कुठे नुसता दिसतो

दवाखान्यात रिकामा वेळ भरपूर असतो, पण त्यातला लिहिण्याजोगा थोडा.

सगळ्यात चांगला वेळ डायलिसिसचा. एक बैठक साधारण चार तासांची, आठवड्यातून दोन किंवा तीन ठरलेल्या वारांना. पहिला अर्धा-पाऊण तास धरू नका. वजन, बीपी, सुया लावणं, मशीन सुरू होणं आणि ‘नातेवाईक कोण?’ अशी हाक यात तो जातो. शेवटची चाळीस मिनिटंही धरू नका. सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत दाबून धरायचं असतं, पेशंटला गरगरतं, रिक्षा बघायची असते. मधले अडीच तास तुमचे. त्यातलीही पहिली वीस मिनिटं खाण्यात घाला, कारण सोबतीचा माणूस सकाळपासून उपाशी असतो आणि उपाशीपोटी लिहायला बसला की फोन बघत बसतो. मग एकच पाऊण तास लिहायचं. उरलेला वेळ डुलकी, बिल, औषधाचं दुकान. आठवड्यातून दोनदा एवढं जमलं तर पूर्वीच्या कित्येक ‘मोकळ्या’ आठवड्यांपेक्षा ते जास्त भरेल. केमोच्या डे-केअरचंही असंच, फक्त पहिल्या दोन-तीन बैठका कोऱ्या सोडा. तेव्हा भीती इतकी असते की कागदावर काही उतरत नाही, आणि त्यात तुमची चूक नाही.

ओपीडीबाहेरचा वेळ फसवा. नंबर कधी पुकारतील याकडे एक कान लागलेला असतो, त्यामुळे वाक्य पूर्ण होत नाही. तिथे फक्त तीन ओळींची नोंद. डिस्चार्जचा दिवस त्याहून फसवा. डॉक्टरांनी सकाळी ‘जा’ म्हटलेलं असतं आणि कॅशलेसची मंजुरी संध्याकाळी येते. मधले सहा-सात तास रिकामे दिसतात, पण दर वीस मिनिटांनी काउंटरवर जावं लागतं. त्या दिवसाचा खाडा आधीच टाकून मोकळं व्हा.

घरी असाल तर पेशंटच्या झोपेवर लेखन टांगू नका. झोप त्यांच्या हातात नसते आणि मग ते जागे झाले की आपल्याला राग येतो. घड्याळाला बांधलेली गोष्ट शोधा: मदतनीस बाई किंवा मावशी आंघोळ घालायला येतात ती पंधरा मिनिटं, नेब्युलायझरची दहा मिनिटं, कुकरच्या तीन शिट्ट्या आणि वाफ जिरेपर्यंतचा वेळ.

आणखी थोडा वेळ फोनमधून सुटतो. आजारपणात ‘आता कसं आहे?’ हे तीस जण विचारतात आणि तिसांना वेगवेगळं उत्तर लिहिण्यात दिवसाचं सगळं लेखन खर्ची पडतं. रोज सकाळी दहाला चार ओळींचा एकच मजकूर लिहा: ताप, जेवण, डॉक्टर काय म्हणाले, भेटायला यावं की नको. तोच सगळ्यांना पाठवा. फोन मात्र एअरप्लेन मोडवर टाकू नका, वॉर्डातून बोलावणं येऊ शकतं. फक्त ग्रुप म्यूट करा.

वही, पेन, फोन

शंभर पानी, पिन मारलेली पातळ वही घ्या, रिपोर्टच्या फाइलमध्ये मावेल अशी. जाड पुठ्ठ्याची सुंदर डायरी नको. तिच्यात वाईट लिहायला हात धजत नाही आणि आत्ता वाईट लिहिता येणं फार गरजेचं आहे. पेन साधं बॉलपेन. जेल पेनची शाई सॅनिटायझरच्या ओल्या हाताने फरफटते. ते सुतळीने वहीला बांधून ठेवा, कारण वॉर्डात ‘जरा सहीला पेन द्या’ म्हणून गेलेलं पेन परत येत नाही.

औषधांची वही वेगळी. बीपी, साखर, लघवीचं माप, कोणती गोळी किती वाजता हे सगळं त्या वहीत. एकच वही दोन्ही बाजूंनी वापरायचा मोह होतो, पण ती वही डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवायची असते. तिच्या मागच्या पानावर नर्सवरची कविता असून चालत नाही.

फोनवर लिहिणार असाल तर एकच नोट ठेवा आणि नवी नोंद कायम वरती घाला. स्वतःलाच व्हॉट्सअॅप करण्याची सवय असेल तर ती मोडा. तिथे कवितेची ओळ, गॅसचा नंबर आणि लॅबची पावती एका रांगेत जाऊन बसतात आणि महिन्याने काही हाती लागत नाही. बोलून टाइप करण्याची सोय मराठीत बरी चालते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडा आणि छोट्या वाक्यांत, नेहमीपेक्षा थोडं सावकाश बोला. विरामचिन्हं येतीलच याचा भरवसा धरू नका. बोलीतले शब्द आणि माणसांची नावं हमखास चुकतात, म्हणून त्याच दिवशी एकदा वाचून काढा. आठ दिवसांनी ‘काळीज’च्या जागी ‘काळजी’ उमटलेली दिसली की मुळात काय म्हणायचं होतं ते आठवत नाही. वॉर्डात मात्र बोलून लिहू नका. शेजारच्या खाटेवरची माणसं ऐकत असतात.

तीन ओळींची नोंद आणि तिचं पुढे काय करायचं

नोंदीला साचा असला की पाच मिनिटांत होते. बघितलं, ऐकलं, खटकलं. प्रत्येकी एक ओळ. भावना पहिल्या दोन ओळींत आणायच्या नाहीत, तिसरीत आणायची आणि खरी आणायची. उदाहरणार्थ, डायलिसिसच्या वेटिंग रूममधली ही नोंद:

*बघितलं:* समोरच्या बाईंनी डब्याचं झाकण उघडून पाहिलं, परत लावलं. तीन वेळा. खाल्लं काही नाही.
*ऐकलं:* “आज दोनच किलो वाढलंय म्हणाले. म्हणजे काल पाणी चोरून प्यायले नाहीत.”
*खटकलं:* मला त्यांचा हेवा वाटला.

बरेच जण पहिल्या ओळीत ‘वेटिंग रूममध्ये उदास वातावरण होतं’ असं लिहितात. ते आठ दिवसांनी मेलेलं असतं. झाकण मेलेलं नसतं.

मोठा वेळ मिळाला की नवं काही सुचण्याची वाट न बघता मागच्या नोंदींतली एक उचला आणि तिला दोन प्रश्न विचारा: यातली वस्तू कुणाची? आणि हे वाक्य खोटं असेल तर? वरच्या नोंदीत डब्यात काय आहे, ते आपल्याला ठाऊक नाही. समजा, बटाट्याची भाजी आहे. डायलिसिसच्या पेशंटला पोटॅशियममुळे बटाटा जपून खावा लागतो. मग ती भाजी कुणासाठी? नवऱ्याला आवडते म्हणून हाताने सवयीने केली आणि इथे आल्यावर लक्षात आलं? की आज बैठक झाल्यावर त्याला एक घास द्यायचा बाईंनी ठरवलंय? पाणीही मोजूनच प्यायचं असतं, नाहीतर ते अंगात साठून वजन वाढतं. आणि ‘पाणी चोरून प्यायले नाहीत’ हे खोटं असेल, म्हणजे बाईंनीच आणून दिलं असेल, तर? इथे कथेला तोंड फुटलं. ऐकलेलं वाक्य सुरुवातीला ठेवा, डबा शेवटापर्यंत बंद ठेवा आणि ८० शब्द लिहा. थांबताना वाक्य अर्धवट सोडा, पुढचा शब्द ठाऊक असताना. तुटक वेळात परत आत शिरायला अर्ध्या वाक्यासारखी दुसरी फट नाही.

हात कामात असतील तर मनात रचायचं. ही आपल्याकडची जुनीच पद्धत आहे; जात्यावरच्या ओव्या अशाच झाल्या. बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) शेतातली आणि घरातली कामं करताकरता रचना केल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरातली मंडळी उतरवून घेत, म्हणून त्या आपल्यापर्यंत पोचल्या. उतरवून घेणारं कुणी जवळ नव्हतं तेव्हाचं किती गेलं असेल, त्याला मोजदाद नाही. आपल्याला उतरवून घेणारं माणूस नाही, पण फोन आहे. पोळ्या लाटताना किंवा चादरी बदलताना चार ओळींपेक्षा जास्त रचू नका, तेवढ्याच लक्षात राहतात. आठ अक्षरांची ओळ धरली तर आणखी सोपं; मोजणी बोटांवर होते आणि लयीमुळे निसटत नाही. तीनदा मनात म्हणा आणि हात धुतल्याबरोबर रेकॉर्ड करा. ‘नंतर लिहू’ म्हटलेलं चहा होईपर्यंत गेलेलं असतं.

कादंबरी अर्धवट असेल तर नवं प्रकरण सुरू करू नका. त्याऐवजी एका पानावर ‘कुठे थांबलो’ ते लिहून ठेवा: कोणतं पात्र कुठे उभं आहे, कोणता ऋतू आणि दिवसाची कोणती वेळ, वाचकाला काय कळलंय आणि पात्राला काय नाही, कोणते धागे लोंबकळताहेत, पुढच्या प्रसंगाचं एक वाक्य. हे पान आज लिहायला अर्धा तास लागेल. सहा महिन्यांनी आठवून लिहायचं म्हटलं तर तीन आठवडे जातील आणि तरी पडतील त्या फटी पडतीलच.

आजारपणावरच लिहिलं पाहिजे, असंही नाही. चिडून, हट्टाने एखादी विनोदी कथा लिहिता येत असेल तर जरूर लिहा. ‘अशा वेळी हे कसं सुचतं?’ म्हणणाऱ्यांना वही दाखवू नका.

मन मोकळं करण्याचं लिहिणं वेगळं

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली एका सहकाऱ्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं, आपल्या सगळ्यात क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं होतं. त्यानंतर या पद्धतीवर पुष्कळ काम झालं. पण मूळ प्रयोगातली एक गोष्ट सांगायची राहून जाते: लिहिल्यानंतर लगेच लोकांना बरं नाही, तर वाईट वाटत होतं. म्हणून असं लिहिणं करायचं असेल तर चार दिवस ठरवूनच करा, झोपायच्या आधी करू नका, आणि संपल्यावर दहा मिनिटं चालून या किंवा भांडी घासा. वेगळ्या सुट्या कागदांवर लिहा आणि हवं तर फाडून टाका. ते रतीबात मोजायचं नाही. ते साहित्य होईल या आशेने लिहिलं तर ना मन मोकळं होतं, ना साहित्य होतं.

दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, जेवण जात नाही, जगणंच नको असं वाटतं आहे, अशी अवस्था असेल तर वही बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत मिळते आणि मराठीत बोलता येतं.

ज्यांच्याबद्दल लिहितो आहोत ती माणसं

घरात वही वाचली जाते, हे धरूनच चाला. कुलूप लावलं की कुतूहल वाढतं. जुन्या बायकांनी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर कविता लिहिल्या त्या उगीच नाही. नावांच्या जागी नातीही घालू नका, एखादं अक्षर घाला. सासूबाईंवरचा राग ‘स’ या अक्षराखालीही ओळखू येतो, म्हणून अक्षर भलतंच निवडा.

आजारी माणसाचं अंग, मलमूत्र, भ्रमातलं बोलणं हे नोंदीत येणारच. नोंदीत असू द्या. छापायला देताना मात्र स्वतःला विचारा, की ते बरे होऊन हे वाचत असते तर चाललं असतं का. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा आजार, गाव आणि वय यातल्या निदान दोन गोष्टी बदला. आणि त्यांची बोली जपा. आईच्या तोंडची अहिराणी किंवा मालवणी, वडिलांचे वऱ्हाडी वाक्प्रचार हे सगळं त्यांच्याबरोबर जाणार आहे. त्यांना विचारून आठवड्यातून एकदा दहा मिनिटं रेकॉर्ड करा. प्रश्न आजाराबद्दल नको, कामाबद्दल विचारा: पेरणी, गिरणीतली पाळी, पापडाचं पीठ.

कबूल केलेलं असेल तर

१९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीशी बांधलं गेलंय. संपादकांची पत्रं उन्हाळ्यात येतात, मजकूर जुलै-ऑगस्टमध्ये लागतो. होकार देऊन बसला असाल आणि होणार नाही असं दिसत असेल तर लवकर कळवा. संपादकाला नकार चालतो, सप्टेंबरातलं मौन चालत नाही. आजाराचा तपशील नको. एवढं पुरे:

“नमस्कार. यंदाच्या अंकासाठी कथा देण्याचं कबूल केलं होतं. घरात आजारपण असल्यामुळे ती वेळेत होणार नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला देता यावी म्हणून आत्ताच कळवतो आहे. पंधराशे शब्दांपर्यंतचं ललित चालणार असेल तर ३१ जुलैपर्यंत देऊ शकेन.”

शेवटचं वाक्य मजकुराचा निम्म्याहून जास्त भाग आधीच लिहून झालेला असेल तरच घाला. नवं कबूल करू नका.

माणूस गेलं तर

घरात कुणी लिहिणारं असलं की ‘तूच लिही’ हे तासाभरात येतं. निधनवार्तेला ४० ते ६० शब्द लागतात: पूर्ण नाव, वय, राहण्याचं ठिकाण, अंत्यसंस्काराची वेळ आणि जागा, पश्चात कोण. त्यात साहित्य आणू नका, आणि नावं दोन जणांकडून तपासून घ्या. सुनांची आणि जावयांची नावं राहून गेली तर वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. शोकसभेला बोलायचं असेल तर तीन मिनिटांचे साधारण ३०० शब्द होतात. एक काम, एक लकब, एक वाक्य, बस. मोठ्या अक्षरांत लिहून न्या, डोळ्यांत पाणी आलं की बारीक अक्षर दिसत नाही.

तेरा दिवस रतीब बंद, खाडेही मोजायचे नाहीत. एवढंच करा: त्यांच्या वापरातल्या वस्तू आवरायला काढण्याआधी एका पानावर यादी करा, कुठे काय ठेवलेलं होतं त्यासकट. चश्म्याच्या घरात काय होतं, उशीखाली काय होतं. कपाट रिकामं झाल्यावर ही यादी कुणालाच करता येत नाही.

परत सुरू करताना

पेशंट बरा होवो वा जावो, त्यानंतरचे मोकळे तास अंगावर येतात. आता वेळ आहे तर सुचत कसं नाही, म्हणून माणूस घाबरतो. पहिले दोन आठवडे नवं लिहू नका. रोज वीस मिनिटं त्या शंभर पानी वहीतल्या नोंदी टाइप करा, आहे तशाच, भाषा न सुधारता, युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टात टाइप केलंत तर अंकवाल्यांकडे अक्षरांचा खिचडा पोचतो. टाइप करताना जी नोंद बोटांना थांबवेल तिच्यापुढे फुली. ६० नोंदींत सहा-सात फुल्या आल्या तरी पुष्कळ झालं. तिसऱ्या आठवड्यात त्यातली एक घ्या, आणि ती शक्यतो सगळ्यात दुःखाची नको. दुःखाची सगळ्यात आधी घेतली की एक तर रडारड उतरते किंवा हात आखडतो. झाकणाची घ्या, सुतळीला बांधलेल्या पेनाची घ्या.

रतीब वाढवायचा तो एकेका मापाने आणि महिन्याच्या पहिल्या तारखेलाच. पावाचा अर्धा, पुढच्या महिन्यात खाडे आठच्या आत राहिले तर अर्ध्याचा एक. आणि जुन्या कॅलेंडरवरची द, थ, क अशी अक्षरं खोडू नका. कोणत्या आठवड्यात काय चाललं होतं, ते तारखेसकट त्यांच्यातच सापडेल आणि कथेत पाऊस कधी पाडायचा, ते तिथूनच कळेल.